रात्री फोन बंद ठेवल्याने काम सुधारते का?

प्रश्न (हिशेबनीस):
मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. कचेरी साडेसहाला सुटते, पण कामाचा व्हॉट्सॲप गट रात्री अकरापर्यंत जागा असतो आणि जेवताना ताटाशेजारी पालथा ठेवलेला फोन थरथरला की घास हातातच राहतो. गेल्या महिन्यात आठवडाभर मी रात्री आठनंतर फोन बंद ठेवला. झोप चांगली लागली. मात्र सकाळचा पहिला तास साचलेले निरोप निस्तरण्यातच गेला. अशा विश्रांतीने काम खरोखर सुधारते, की नुसते पुढे ढकलले जाते?

प्रतिसाद १ (निवांत):
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये एका कार्यालयातील १३ कर्मचाऱ्यांचे ईमेल पाच दिवस बंद ठेवले होते. ईमेल चालू असताना हे लोक संगणकावरील खिडक्या तासाला सरासरी ३७ वेळा बदलत, ती संख्या १८ वर आली, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींतही ताण कमी झालेला दिसला. १३ माणसे म्हणजे नमुना लहानच. शिवाय त्यांना महत्त्वाची माहिती ईमेल चालू असलेल्या सहकाऱ्यांकडून मिळत होती, हे विसरू नये. आपल्या गटात सगळेच जागे असतात, म्हणून आपल्याला एकट्याने झोपणे परवडले, असेही म्हणता येईल!

प्रतिसाद २ (गावाकडचा):
खरी मेख तिथेच आहे. एकट्याने फोन बंद केला, तर हात मोकळा होतो, पण साहेबांनी काही विचारले असेल का, ही धाकधूक मनातून जात नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. उद्देश मुलांच्या अभ्यासाचा असला, तरी सगळे गावच थांबल्यामुळे कोणाचे काही हुकत नाही. फोक्सवॅगनने जर्मनीत २०११ मध्ये हेच यंत्रावर सोपवले: काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने कामाचे ईमेल येणेच थांबे.

हिशेबनीस:
दोघांचेही आभार. भोंग्याची सोय आमच्याकडे नाही. परंतु रात्री आठनंतर तातडीचे असेल तर थेट फोन करावा आणि बाकीचे सकाळी लिहावे, असे सोमवारच्या बैठकीत सुचवून पाहतो. महिनाअखेरचे चार दिवस मात्र वगळावे लागतील.