शब्दचर्चा : ‘बालगुन्हेगार’ की ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’?

प्रश्न : पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे वाचावयास मिळते. ‘बालगुन्हेगार’ हा सुटसुटीत शब्द असताना हा कशासाठी? शिवाय एका बातमीत पंचविशीतल्या तरुणालाही ‘बालक’ म्हटले होते. ती चूक समजावी काय?

उत्तर : ‘विधी’ म्हणजे कायदा; कायदा मोडल्याचा आरोप असलेले किंवा तसे आढळलेले मूल, असा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’चा अर्थ. शब्द अवजड आहे, हे मान्य. पण ‘गुन्हेगार’ हा निवाड्यानंतरचा शब्द असून ‘बालगुन्हेगार’ म्हणताच तो चौकशीआधीच मुलाला चिकटतो, आणि मला तो त्याच कारणाने सलतो. बालकासंबंधीच्या कार्यवाहीत दोषारोप करणारे शब्द वापरू नयेत, हे तत्त्व 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्येच आहे. नोंदीतही ‘अटक केली’ असे न लिहिता ‘ताब्यात घेतले’ असे लिहितात.

पंचविशीतल्या ‘बालका’त चूक नाही. मुलाला न्यायालयापुढे हजर केले त्या दिवशीचे वय धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या एका निकालात म्हटले होते. म्हणजे हजर करण्यास विलंब झाला की मुलगा आपसूक प्रौढ ठरणार. 2005 मध्ये प्रताप सिंह विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणात घटनापीठाने ते मत बाजूला सारून कृत्याच्या दिवशीचे वय निर्णायक ठरवले आणि 2015 च्या अधिनियमातील व्याख्याही तेच सांगते. या शब्दातले ‘बालक’ आजचे वय दाखवत नाही. त्या दिवशी अठरा पूर्ण नव्हती, एवढेच ते सांगते.

पुण्यातील 2024 च्या मोटार अपघातात अल्पवयीन मुलगा गाडी चालवत असल्याचा आरोप होता आणि लोकक्षोभ मोठा होता. तरीही त्या मुलाला निरीक्षणगृहातून (चौकशीच्या काळात अशा मुलांना ठेवतात त्या गृहातून) सोडण्याचा आदेश देताना, गुन्हा गंभीर असला तरी त्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणूनच वागवले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने नमूद केले. वृत्तपत्रे मात्र ‘अल्पवयीन आरोपी’ लिहीत राहिली.

पुरवणी : ‘अज्ञान’ हा शब्द येथे चालणार नाही. सातबारावर ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ असे असते, तेथे त्याचा अर्थ मालमत्तेचे व्यवहार स्वतः करण्याइतके वय न झालेला, एवढाच आहे. बातमीसाठी शब्द लांब वाटल्यास ‘ताब्यातील मुलगा’ लिहावे. अर्थ पोहोचतो आणि डागही लागत नाही.