मदत हवी आहे: काम मिळणं हा मूलभूत हक्क आहे का?

कोरडवाहू (८ मे २०२४): काम मिळणं मूलभूत हक्क आहे का, एवढंच सांगा. असेल तर सरळ हायकोर्टात जाता येतं का? रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) कामासाठी ग्रामपंचायतीत तीन हेलपाटे झाले. 'सध्या काम नाही' म्हणतात. जरा लवकर सांगा.

वकीलबुवा: नाही. घटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण ते सरकारसाठीचं मार्गदर्शक तत्त्व. कलम ३७ प्रमाणे त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही.

दवंडी: अर्धवट सांगू नका. सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस निकाल, १९८५. उपजीविका कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कातच येते.

वकीलबुवा: निकाल वाचलाय का? फुटपाथवाल्यांची रोजीरोटी कायदेशीर प्रक्रियेशिवाय हिरावू नका, असा तो आहे. सरकारला काम द्यायला भाग पाडता येईलच असं नाही, हेही त्यातच लिहिलंय.

शेवंता: तुमचं भांडण नंतर. दादा, जिल्हा कुठला? जॉबकार्ड आहे? मागणी लेखी केली का?

कोरडवाहू: बीड. गाव सांगत नाही, सरपंच नात्यातला आहे. ऊसतोडीहून एप्रिलात आलो. कार्ड आहेच की. गावात रोहयोचं बघणारा रोजगारसेवक चुलत्याचा पोरगा, त्याला काय लेखी द्यायचं!

शेवंता: तिथंच घोडं पेंड खातंय. नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरा, तारखेची पोच घ्या. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या चौथाईइतका. पोच नसेल तर मागणी केलीच नाही म्हणतील.

पगारदार: आमचा दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. तो १९७५ साली रोहयोसाठीच आणला होता. त्याचा हिशोब कोण देणार?

जुनं_खोड: ७२ च्या दुष्काळात मी आईबरोबर खडी फोडायला होतो. खायला सुकडी मिळायची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, त्यांची योजना ही रोहयो, १९७७ ला कायदा झाला. दिल्लीला तसा कायदा सुचायला २००५ उजाडलं. हल्लीच्या पोरांना मात्र सावलीतलं काम हवं.

दवंडी: काका, त्याने ऊस तोडलाय.

बांधावरून: रोहयोतून सीताफळ लावा, अनुदान आहे.

कोरडवाहू: दीड एकर आहे, बोअर आटलाय. सीताफळ कुणी विचारलंय? नमुना ४ संपलेत म्हणतो. साध्या कागदावर चालेल?

शेवंता: चालतं. नाव, कार्ड नंबर, किती दिवस काम हवं ते आणि तारीख लिहा. नकलेवर सही-शिक्का घ्या.

कोरडवाहू: कार्ड वडिलांच्या नावावर आहे. ते मागच्या वर्षी वारले.

शेवंता: अहो, हे आधी सांगायचं ना! कार्ड कुटुंबाचं असतं. आतल्या यादीत तुमचं नाव आहे का?

कोरडवाहू: बघून सांगतो. कार्ड रोजगारसेवकाकडेच असतं.