रिपोर्ट नॉर्मल, तरी कानात आवाज: आपापले अनुभव लिहा

ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) झाली, दोन्ही कानांचा आलेख उत्तम आला, डॉक्टर म्हणाले, "काही नाही, दुर्लक्ष करा." पण बारीक, चढ्या पट्टीतली शिट्टी चालूच आहे. दिवसा कामाच्या गडबडीत जाणवत नाही, रात्री मात्र पाठ टेकली की तीच. ज्यांना असं होतं त्यांनी सविस्तर लिहा: आवाज कसा आहे, कशाने वाढतो, कशाने सुसह्य होतो. ऐकू नीट येतं म्हणून हा त्रास खोटा ठरत नाही, आणि हे आपल्यालाच एकमेकांना सांगावं लागणार आहे.

—

माझाही आलेख नॉर्मल. ऑडिओलॉजिस्टना खोदून विचारलं तेव्हा कळलं की नेहमीची चाचणी साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच होते. त्याच्या वरचं सहसा तपासत नाहीत. शिवाय शांत खोलीत बीप ऐकू आला, एवढ्यावरून कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या सगळ्या तंतूंची खात्री देता येत नाही. 2009 साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी कानाच्या आतल्या पेशी आणि तंतू यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे गेले होते. माणसात नेमकं हेच होतं का, यावर अजून वाद आहे. पण कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा आवाज उमटतो, हे स्पष्टीकरण मला पटलं. भीती बरीच उतरली.

—

दात घट्ट आवळून बघा. माझी पट्टी लगेच चढते, खालचा जबडा पुढे काढला तरी बदलते. कानाच्या डॉक्टरांनी हे कधी विचारलंच नव्हतं, दंतवैद्यांनी विचारलं. झोपेत दात खाण्याची सवय निघाली. आता रात्री दातांवर गार्ड लावते, मानेचे आणि जबड्याचे व्यायाम करते. आवाज गेलेला नाही, पण सकाळी उठल्यावरचा जोर ओसरलाय.

—

आत्ताच करून पाहिलं. माझीही पट्टी चढली! दंतवैद्यांची वेळ घेतो.

—

माझी शिट्टी नाही, धपधप आहे. मनगटावर नाडी धरली तर ताल तंतोतंत जुळतो. अशा वेळी रक्तवाहिन्यांचं स्कॅन करतात. माझं केलं, सुदैवाने काही निघालं नाही. पण कळकळीने सांगतो, नाडीच्या तालातला आवाज किंवा एकाच कानातला आवाज असेल तर नॉर्मल ऑडिओग्रामवर (चाचणीच्या आलेखावर) थांबू नका. आणि अचानक ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

—

मला नाही, आमच्या ह्यांना आहे. ते दिवसभर कानात बोळे घालून बसायचे. समुपदेशकांनी ते बंद करायला लावलं, कारण शांतता जितकी जास्त तितका आतला आवाज उठून दिसतो. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर काही मिनिटांत 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. आता उशाशी पावसाचा आवाज लावतो, तोही आतला आवाज बुडणार नाही इतका हळू, म्हणजे मेंदूला दोन्हींची सवय होते. "आज कसा आहे आवाज?" हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. विचारलं की त्यांचं लक्ष पुन्हा तिकडेच जातं.

—

जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या, थेंब, सगळं झालं, उपयोग शून्य. उपयोग झाला तो सीबीटीचा, म्हणजे विचार आणि प्रतिक्रिया बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा. आवाज तेवढाच आहे, पण तो सुरू झाला की छातीत जे धस्स व्हायचं ते होत नाही आणि झोप लागते. सत्रांत काय करून घेतात हे कोणाला हवं असेल तर सांगा, सवडीने लिहिते.