बीटा एचसीजी ८६ वरून १४१, दुप्पट नाही झालं. घाबरू का?

फिकट_रेघ:
मैत्रिणींनो, पाळी चुकून चार दिवस झाले. किटवर दुसरी रेघ आली, पण इतकी फिकट की नवरा किट खिडकीत नेऊन निरखत राहिला आणि म्हणाला, "आहे बहुतेक." बहुतेक! मग डॉक्टरांनी रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची टेस्ट, करायला सांगितली. सोमवारी ८६ आलं, आज बुधवारी १४१. जिथे तिथे "४८ तासांत दुप्पट" वाचलंय, म्हणजे १७२ हवं होतं ना? गेल्या वर्षी सहाव्या आठवड्यात गेलं होतं, त्यामुळे धीर धर असं नका सांगू, तो संपलाय. डॉक्टर थेट शुक्रवारी संध्याकाळी भेटणार. रिपोर्टवरची रेंज एवढी ऐसपैस की तिच्यात काहीही बसेल.

निशिगंध:
अगं, एकेका आकड्यावर जाऊ नकोस. माझा पहिलाच आकडा भलामोठा आला, तर सासूबाईंनी जुळी ठरवून नावंसुद्धा काढली. निघालं एकच.

सुई_आणि_कापूस:
मी लॅबमध्ये रक्त घेते. दोन्ही रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ बघ बरं. रिपोर्ट छापल्याची नको, ती वेगळी असते.

फिकट_रेघ:
सोमवारी संध्याकाळी ६:३०, बुधवारी सकाळी ८:४०.
अगं बाई, हे तर ३८ तासच झाले!

सुई_आणि_कापूस:
तेच म्हणते. "दोन दिवसांनी या" सांगितलं की लोक वार मोजतात, तास नाही. याच वेगाने ४८ तास धरले तर तुझा आकडा १६० च्या आसपास जातो. आणि दुप्पट व्हायलाच हवं असंही नाही. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ बघतात, म्हणजे तुझ्या ८६ चे १२८. ते तू आधीच ओलांडलंयस.

आता कटू तेही सांगते. आकडा छान वाढला म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे असं नाही, नळीत राहिलेलाही कधी कधी असाच वाढतो. ते सोनोग्राफीतच कळतं. एका बाजूला जोराचं दुखलं, रक्त गेलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखलं, तर शुक्रवारची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठ.

शुक्रवारी सकाळी परत टेस्ट करू का, हे डॉक्टरांना फोनवर विचार. केलीस तर त्याच लॅबमध्ये कर, मशीन बदललं की आकडा बदलतो. उपाशीपोटी यायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन घेत असलीस तर तेही सांग, काही मशीनवर त्याने आकडा खोटा कमी येतो.

फिकट_रेघ:
घेत होते की! आजपासून बंद.

फिकट_रेघ (शुक्रवार रात्र):
सकाळी बरोब्बर ८:४० ला हात पुढे केला. २६५. डॉक्टर म्हणाल्या, आता रक्त पुरे, दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करू. बायोटिनचं ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या, पण बोलल्या काही नाहीत. किट अजून खिडकीतच आहे, नवरा टाकू देत नाही.