पेशंटला बेड नंबरनं ओळखायला लागलेय. हे असंच राहतं का?

रात्रपाळी:
मेडिसिनची तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. परवा रात्री अडीचला वॉर्डच्या या टोकावरून सिस्टरना ओरडून रक्ताच्या रिपोर्टचं विचारलं, "सात नंबरचं सोडियम आलं का?" सातवरचे आजोबा जागेच होते. पांघरुणातून हात वर करून म्हणाले, "सात म्हणजे मीच ना, डॉक्टर?" चिडले नव्हते, हसत होते. मला मात्र त्यांचं नाव आठवेना. चार दिवस रोज तपासतेय मी त्यांना! पहिल्या वर्षी पेशंट गेला की जिन्यात बसून रडायचे. आता डेथ समरी लिहून पुढच्या अ‍ॅडमिशनकडे वळते. सीनियर मंडळी, गेलेलं परत येतं का?

जुना फिजिशियन:
सलग किती तास ड्युटी झाली होती, ते आधी सांगा. मास्लाक आणि जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली बर्नआउट, म्हणजे कामानं आतून पार थकून जाणं, मोजायची प्रश्नावली काढली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात: भावनिक थकवा, माणसाकडे वस्तूसारखं बघणं, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तुमची दुसरी दिसतेय, पण पहिली नसेल असं वाटत नाही. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष देण्याचं कलम आलं, तेही पेशंटला चांगली सेवा मिळावी म्हणून. आमच्या वेळी न झोपण्याच्या फुशारक्या चालायच्या. त्याच गुर्मीत एकदा मी इन्सुलिन दहापट लिहिलं होतं. सिस्टरनं पकडलं, म्हणून वाचलो. पेशंटही.

आयसीयूवाली:
भावनेचं नंतर बघू. बेड नंबर मुळात धोक्याचा, कारण रात्रीतून बेड बदलतात. नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा किमान दोन खुणा जुळवायच्या. खाटेचा नंबर त्यात धरायचाच नाही. माया आतून कधी येईल याची मी वाट बघत नाही. सुई टोचण्याआधी नाव विचारते, रोज, प्रत्येकाला. काही दिवस ते नुसतं यंत्रासारखं होतं. होऊ दे.

रात्रपाळी:
फिजिशियन सर, एकतिसावा तास होता. काल झोपले. आज राउंडला आधी नाव विचारलं, तर आजोबा म्हणाले, "विसरलात होय?" हो म्हटलं. सोडियम १३१ आलंय, परवा १२४ होतं, म्हणजे सुधारतंय. रिपोर्ट त्यांनाच आधी सांगितला. मुलाला दाखवायला आकडा कागदावर लिहून मागितला, आणि वर स्वतःचं नाव मलाच लिहायला लावलं.