बँकॉक ते हनोई आणि परत: कुठे रेल्वे, कुठे बस, कुठे विमान?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी, यजमान आणि वन्सं असे तिघे थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया करायचं म्हणतोय. हाताशी तीनेक आठवडे आहेत. आम्ही सांगलीचे. वन्संचं वय सदुसष्ट, गुडघे दुखरे, पण उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त.

क्रम असा काढलाय: बँकॉक, व्हिएंटियान, लुआंग प्रबांग, हनोई, ह्यू, होई आन, सायगाव (म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी), नॉम पेन्ह, सिएम रीप आणि तिथून बसने परत बँकॉक.

पुतण्याने प्रत्येक टप्प्याला विमान घालून दिलंय. यजमान म्हणतात सगळीकडे बसने जाऊ, स्वस्त पडेल. मला दोन्ही पटत नाही. एवढ्या लांब जाऊन विमानतळच बघायचे? आणि रात्र रात्र बसमध्ये वन्संचे हाल होतील. तिघांना झेपेल आणि देश डोळ्यांनी दिसेल अशी वाट कुणी सांगेल का?

रानवाटा

ताई, लाओसला बोटीनेही जाता येतं. उत्तर थायलंडातल्या च्यांग खाँगहून नदीपल्याड ह्वाय साय, तिथून मेकाँगमधून दोन दिवसांत लुआंग प्रबांग. मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात. दोन्ही काठांना जंगल, अधूनमधून एखादी वाडी, लहान मुलं पाण्यात डुंबताना दिसतात. मी केलेल्या सगळ्या प्रवासांत हा मला सर्वात आवडलेला. फक्त धक्क्यावर उतार आणि पायऱ्या असतात, बोटीत शिरताना फळीवरून जावं लागतं. वन्संच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

निवृत्त_स्टेशनमास्तर

ताई, वाहन नंतर ठरवा. आधी प्रत्येक सीमा कुठे ओलांडायची ते कागदावर लिहा, कारण तुमच्या क्रमातला शेवटचा टप्पाच अडणार आहे. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडियात चकमकी झाल्या आणि जमिनीवरच्या चौक्या प्रवाशांना बंद झाल्या. सिएम रीप ते बँकॉक बस धरूच नका.

माझा सल्ला, सगळा क्रम उलटा फिरवा. बँकॉकहून सिएम रीपला विमान. (तिथला नवा विमानतळ 2023 पासून सुरू आहे आणि गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, टॅक्सीचा तासभर धरा.) अंगकोरची प्राचीन देवळं निवांत बघून नॉम पेन्हला दिवसाची बस, साधारण सहा तास. तिथून सायगावलाही बसच. बावेत–मोक बाय ही चौकी वर्दळीची आहे. बरेचदा बसचा माणूस पासपोर्ट गोळा करून शिक्क्यांचं बघतो, तुम्ही फक्त सांगितलं की उतरायचं आणि सामान उचलायचं. या दोन्ही टप्प्यांना बस चांगली, कारण दिवसाउजेडी भाताची शेतं, उंच खांबांवरची घरं, मेकाँग, सगळं खिडकीतून दिसतं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना आत कुठल्या चौकीतून येणार आणि बाहेर कुठून पडणार हे अर्जात भरावं लागतं. आत मोक बाय, बाहेर हनोईचा नोई बाय विमानतळ असं लिहा. बस आधी आरक्षित करून व्हिसात विमानतळ लिहिला तर चौकीवर अडकाल. म्हणून म्हणतो, सीमा आधी.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. सायगाव ते हनोई रेल्वे 1726 किलोमीटर आहे, मीटर गेज (रुळांमधलं अंतर एक मीटर), सलग बसलात तर तीसेक तासांच्या वर. सगळी करू नका. सायगाव ते दानांग विमानाने उरका. होई आनला रेल्वे नाहीच, ते दानांगपासून तीस किलोमीटरवर आहे. मात्र दानांग ते ह्यू ही गाडी काही झालं तरी चुकवू नका, आणि दिवसाचीच घ्या. अंतर शंभरेक किलोमीटर, वेळ अडीच-तीन तास. बस 2005 साली झालेल्या बोगद्यातून जाते आणि डोंगर चुकवते. रेल्वे मात्र हाय व्हान घाटाला वळसा घालत समुद्राच्या कडेकडेने चढते. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, तिकीट काढताना उजवी खिडकी मागा. मी मिरजेत तिन्ही गेजच्या गाड्या बघत वाढलो. मीटर गेजची गाडी अशा वळणांवर किती सुरेख चालते हे तिथे पुन्हा बघायला मिळालं आणि डोळे भरून आले.

ह्यू ते हनोई रात्रीची गाडी. चार बर्थचा 'सॉफ्ट स्लीपर' घ्या, सहा बर्थच्या डब्यात वरच्या माणसाला सरळ बसताही येत नाही. तुम्ही तिघे, चौथा बर्थही घेतलात तर डबा तुमचाच.

एकच सावधगिरी, टेट. ते त्यांचं चांद्र नववर्ष, आपल्या दिवाळीसारखं सगळा देश गावाकडे निघतो. साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं आणि त्या काळात रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. तारीख बघून मगच निघा.

हनोई ते लुआंग प्रबांग विमान. इथे पैशांचा विचार करू नका. बसला डोंगरातून चोवीस तासांच्या आसपास लागतात, विमानाला तासभर. वन्सं तर सोडाच, तुम्ही दोघेही दोन दिवस आजारी पडाल.

कृष्णाकाठ

काका, किती बारकाईनं सांगितलंत! यजमानांना वाचून दाखवलं, ते लगेच नकाशा घेऊन बसले. रानवाटा, बोटीचं वर्णन वाचून जीव तिकडे ओढला, पण पायऱ्यांमुळे या खेपेला नको. काका, लुआंग प्रबांगहून पुढे बँकॉक कसं गाठायचं? तिथेही विमानच का?

निवृत्त_स्टेशनमास्तर

मुळीच नाही! तिथे तर दोन्ही टप्पे रेल्वेचे.

लाओसमध्ये डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या मदतीने बांधलेली रेल्वे सुरू झाली. लुआंग प्रबांग ते व्हिएंटियान, जिथे रस्त्याने अख्खा दिवस जायचा, तिथे दोन तास. वाटेत बोगदे फार, पण वांग व्हिएंगजवळ चुनखडीचे सुळके दिसतात, तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा. तिकिटाला पासपोर्ट लागतो, स्थानकं गावाबाहेर आहेत, सामान तपासतात. चाकू, कात्री, फवाऱ्याचे डबे काढून घेतात. वन्संच्या पिशवीत अडकित्ता असेल तर सांगलीलाच ठेवा.

मग व्हिएंटियानहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी बँकॉक. 2024 पासून ही गाडी थेट सुरू आहे. ती खामसावात स्थानकावरून सुटते, चिनी रेल्वेचं स्थानक वेगळं आहे, रिक्षावाल्याला नाव नीट सांगा. दुसऱ्या वर्गाचा वातानुकूलित स्लीपर पुरतो. वन्संना खालचा बर्थ घ्या, तो थोडा महाग पण वरच्यापेक्षा रुंद असतो. लाओसचा शिक्का स्थानकावरच होतो. मेकाँगवरचा पूल ओलांडला की 'नाँग खाय' या थायलंडच्या सीमेवरच्या स्थानकात सगळ्यांना सामानासकट उतरवतात, थायलंडचा शिक्का घ्यायचा आणि परत गाडीत. म्हणून प्रत्येकाने आपल्याला उचलेल एवढीच बॅग घ्यावी, हमाल मिळेल असं धरू नका.

आणि थायलंडात तुम्ही दोनदा शिरणार, तेव्हा तिथलं डिजिटल आगमनपत्रही दोनदा भरायचं. दर वेळी पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर. ते फुकट असतं, कुणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा.

रानवाटा

काकांच्या यादीत एक भर: कंबोडियात डॉलर चालतात, पण किंचित फाटलेली किंवा मळलेली नोटसुद्धा परत करतात. सांगलीतून निघतानाच कोऱ्या आणि लहान नोटा मागून घ्या.