‘फ्रेगेझिया’: चर्चचा पुत्र गिऱ्हाईक कसा झाला?

प्रश्न
पोर्तुगीज शब्दकोशात ‘फ्रेगेश’ या शब्दाखाली चर्चच्या विभागातील भाविक आणि दुकानाचे गिऱ्हाईक असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. भाविकांच्या त्या विभागाला ‘फ्रेगेझिया’ म्हणतात आणि गालिसियन भाषेतही (वायव्य स्पेनमधील गालिसियाची, पोर्तुगीजच्या जवळची भाषा) ‘फ्रेगेसिया’ आहेच. हे दोन अर्थ एकाच मुळातून आले आहेत, की हे निव्वळ उच्चारसाम्य आहे?

पहिले उत्तर
मूळ एकच आहे. लॅटिनमधील ‘फिलिउस एक्लेसिए’, म्हणजे ‘चर्चचा पुत्र’, हे दोन शब्द बोलता बोलता एकमेकांत इतके मिसळले की त्यांचा सांधा दिसेनासा झाला. स्पॅनिश ‘फेलिग्रेस’मध्ये तो अजून थोडा जाणवतो. ‘क्ल’चा ‘ग्र’ होणे येथे नवे नाही, कारण ‘एक्लेसिया’पासूनच ‘चर्च’ या अर्थाचे पोर्तुगीज ‘इग्रेझा’ आणि गालिसियन ‘इग्रेशा’ तयार झाले. ‘फ्रेगेश’मध्ये मात्र ‘र’ पुढे सरकून ‘फ’ला चिकटला आणि ‘ग’ मोकळा राहिला. मुळातली ग्रीक ‘एक्लेसिया’ ही अथेन्सच्या नागरिकांची सभा होती. थोडक्यात, हा शब्द आधी माणसांचा होता, इमारतीचा नंतर झाला.

दुसरे उत्तर
गिऱ्हाइकाच्या अर्थाबद्दल थोडी भर घालतो. जो नेमाने एकाच चर्चमध्ये जातो तो फ्रेगेश, म्हणून जो नेमाने एकाच दुकानाची पायरी चढतो तोही फ्रेगेश. स्पॅनिशमध्ये ‘पारोक्यानो’ या अगदी वेगळ्या मुळाच्या शब्दालाही भाविक आणि नेहमीचे गिऱ्हाईक असे हेच दोन अर्थ आहेत, त्यामुळे हा अर्थविस्तार योगायोग वाटत नाही.

तिसरे उत्तर
पोर्तुगालमध्ये तर हा शब्द चर्चच्या आवारातून थेट सरकारी दप्तरात गेला. 1916 च्या कायद्याने स्थानिक कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला ‘फ्रेगेझिया’ हे अधिकृत नाव दिले, आणि तेही प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य वेगळे केल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ही गंमत नजरेआड करू नये. 2013 च्या फेररचनेत या घटकांची संख्या चार हजारांहून अधिक होती ती 3092 वर आली. गालिसियात नगरपालिकाच कारभार पाहते आणि चर्चच्या विभागासाठी ‘पारोकिया’ हा शब्द अधिक चालतो. तरीही खेड्यातला माणूस आपली ओळख आपल्या पारोकियाच्या नावानेच सांगतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग गोव्याच्या कोकणीतील ‘फिर्गज’ (चर्चचा विभाग) हाच शब्द का?

पहिले उत्तर देणारा
होय, तोच. आणि ‘इगर्ज’ म्हणजे ‘इग्रेझा’.